यंत्राची नोंदवही वाचणार कोण?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत जे नवे वाक्प्रयोग रूढ झाले, त्यांत ‘सर्व्हर डाऊन आहे’ या तीन शब्दांचा प्रसार सर्वांत वेगाने झाला असावा. निफाडचा द्राक्षबागाईतदार असो, सुरगाण्याचा भातउत्पादक असो, की नाशिक शहरात सदनिकेचा दस्त नोंदवू पाहणारा नोकरदार असो, सरकारी कामाच्या निमित्ताने हे वाक्य त्याने एकदा तरी ऐकलेले असते. ऐकणारा मुकाट्याने परत फिरतो आणि सांगणारा मोकळा होतो. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर जे काम करीत असे, तेच काम आता हे वाक्य करू लागले आहे. फरक इतकाच की, साहेब दौऱ्यावरून केव्हा परततील हे निदान कचेरीच्या शिपायाला तरी ठाऊक असे.

या वाक्यातील खरी खोट अशी की, ते काहीच सांगत नाही. सर्व्हर खरोखरच बंद आहे, की त्याच्यापर्यंत जाणारी तार तुटली आहे, की एकाच वेळी आलेल्या मागण्यांचा भार त्याला पेलवत नाही, की सर्व्हर उत्तम चालू असून त्याची देखभाल करणाऱ्याच्या हातातले साधन तेवढे मोडले आहे, या चार गोष्टी एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत. त्यांची कारणे भिन्न, उपाय भिन्न आणि त्यांना जबाबदार असणारी माणसेही भिन्न. दारी आलेल्या प्रत्येक रोग्याला ‘प्रकृती बरी नाही’ एवढेच निदान सांगणाऱ्या वैद्याकडे कोणी दुसऱ्यांदा जाणार नाही. सरकारकडे मात्र दुसऱ्यांदा जाण्यावाचून नागरिकाला गत्यंतर नसते.

सात-बारा, फेरफार, दस्तनोंदणी, पीकविमा ही सारी कामे महाराष्ट्राने सर्व्हरवर नेली, हे योग्यच झाले. परंतु बिघाडाचे कारण शोधण्याची, ते लिहून ठेवण्याची आणि लोकांना सांगण्याची शिस्त त्यांच्याबरोबर गेली नाही. ही शिस्त लागल्याखेरीज आणखी यंत्रे विकत घेण्यात फारसा अर्थ नाही. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आला असताना नाशिकने तरी या गोष्टीचा विचार प्रथम करावयास हवा.

मूर्ती आणि पूर

वर सांगितलेल्या चार बिघाडांपैकी शेवटच्या बिघाडाविषयी सर्वांत अधिक गैरसमज होतो. सर्व्हर म्हणजे अनेकांना एकाच वेळी सेवा पुरविणारा संगणक. तो पुष्कळदा कुलूपबंद खोलीत असतो आणि त्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ दूर बसून एका साधनाच्या द्वारे त्याच्याकडे पाहत असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘विंडोज सर्व्हर’ या प्रणालीत ‘सर्व्हर मॅनेजर’ नावाचे असे साधन आहे. २०१२ च्या आवृत्तीपासून एकाच पडद्यावरून अनेक सर्व्हरांची देखरेख करण्याची सोय त्यात आली. हे साधन कधी कधी उघडताक्षणीच मिटते. पुन्हा उघडावे तर पुन्हा मिटते. पडद्यावर एक मोघम संदेश येतो आणि नवखा तंत्रज्ञ सर्व्हरच गेला असे समजून हादरतो.

गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, यावरून नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पुराचा अंदाज घेत आले आहेत. उद्या धुक्यामुळे ती मूर्ती दिसेनाशी झाली, तर पूर ओसरला असे कोणी म्हणणार नाही, आणि नदीच आटली असे तर मुळीच म्हणणार नाही. देखरेखीचे साधन आणि सर्व्हर यांचे नाते असेच आहे. साधन कोसळले तरी माहितीसाठा, छपाई, फाइलींची देवघेव ही सर्व्हरची कामे पुष्कळदा विनासायास चालू असतात, कारण ती निराळ्या प्रोग्रॅमांच्या हाती असतात. साधनाच्या मृत्यूला सर्व्हरचा मृत्यू समजणे ही पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी आणि अधिक प्रचलित आहे. ती म्हणजे सारा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे. त्यामुळे जी सेवा सुरळीत चालली होती तीही थांबते आणि शेकडो लोकांचे अर्धवट काम वाया जाते. बिघाडाच्या ज्या खुणा केवळ यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत होत्या, त्याही पुसल्या जातात. शिवाय दोष एखाद्या नासलेल्या फाइलीत असेल, तर यंत्र पुन्हा उठते तेव्हा ती फाइल जागच्या जागी असतेच. पुष्कळदा यंत्र पुन्हा चालू केल्यावर काम सुरू होते, हे खरे. पण त्यामुळेच या उपायाची सवय जडते, कारण कोणीच पाहत नाही आणि तोच दोष पंधरा दिवसांनी परत येतो.

शोधाची रीत

खरी रीत अवघड नाही. तिला सबुरी मात्र लागते. प्रथम बिघाडाची हद्द ठरवावयाची. साधन मिटले, पण सेवा चालू आहे काय, हे दुसऱ्या यंत्रावरून पडताळता येते. ‘पॉवरशेल’ या सोयीत आज्ञा टंकून सर्व्हरवरील सेवांची स्थिती पाहता येते. चित्रमय साधन मोडले तरी ही वाट बहुधा मोकळी राहते. सेवा चालू असल्याचे दिसले, म्हणजे घाईने काही करण्याचे कारण उरत नाही, आणि अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

त्यानंतर नोंदवही वाचावयाची. हा प्रणालीचा सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत उपेक्षित भाग होय. विंडोज सर्व्हर आपल्या महत्त्वाच्या घटनांची नोंद स्वतःच ठेवीत असतो. एखादा प्रोग्रॅम कोसळला की १००० या क्रमांकाची नोंद होते. कोणता प्रोग्रॅम कोसळला, त्याच्या कोणत्या घटकात दोष उद्भवला, दोषाचा संकेतांक काय आणि वेळ कोणती, हे सारे तीत लिहिलेले असते. ‘डॉट नेट’ चौकटीवर चालणाऱ्या साधनांच्या बाबतीत १०२६ क्रमांकाची आणखी एक नोंद सापडते आणि ती दोषाचा प्रकारही सांगते. सर्व्हर मॅनेजर हे याच जातीचे साधन आहे. दोष उद्भवलेला घटक बाहेरच्या कंपनीने बसविलेला असेल, तर संशयाची दिशा एक. तो मूळ प्रणालीचाच असेल, तर दिशा दुसरी. एवढे यंत्र स्वतःहून सांगत असताना माणसाने ‘काय झाले कोण जाणे’ असे म्हणत बसावे, हे शोभणारे नाही.

पुढची पायरी तुलनेची. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश करून तेच साधन उघडून पाहावे. तिथे ते नीट चालले, तर दोष सर्व्हरचा नाही आणि साधनाचाही नाही. तो पहिल्या वापरकर्त्याच्या खात्यात साठविलेल्या पसंतींचा आहे. सर्व्हर मॅनेजर आपल्याला जोडलेल्या सर्व्हरांची यादी आणि पडद्याची मांडणी प्रत्येक वापरकर्त्यासाठी वेगळ्या फाइलींत ठेवतो. अचानक वीज जाणे, तबकडीवरील जागा संपणे अशा कारणांनी यांपैकी एखादी फाइल अर्धवट लिहिली गेली, तर साधनाला ती वाचता येत नाही आणि ते कोसळते. अशा वेळी त्या फाइलीचे नाव बदलून ठेवावे. साधन नवी फाइल निर्माण करते. यादी पुन्हा भरावी लागते, एवढाच त्रास. फाइल पुसून न टाकता नाव बदलण्यात शहाणपण आहे, कारण तर्क चुकला तर मूळ स्थिती परत आणता येते.

सर्वच वापरकर्त्यांच्या बाबतीत साधन कोसळत असेल, तर मूळ प्रणालीच्या फाइली तपासाव्या लागतात. त्या राखून ठेवलेल्या अस्सल प्रतींशी ताडून पाहण्याची आणि बिघडलेल्या बदलण्याची सोय प्रणालीतच आहे. त्याबरोबर एक साधा प्रश्न विचारावा: साधन काल चालत होते, आज चालत नाही, मग मधल्या काळात काय बदलले? नवी सुधारणा बसली, विषाणूरोधक प्रोग्रॅम बदलला, की कोणी परवलीचे अधिकार हलविले? या साऱ्या शोधात एकच पथ्य कसोशीने पाळावयाचे: एका वेळी एकच बदल करावयाचा आणि तो लिहून ठेवावयाचा. एकदम पाच उपाय करून यंत्र सुरू झाले, तर त्यांतला कोणता लागू पडला हे कधीच कळत नाही.

मुदतवाढ म्हणजे दुरुस्ती नव्हे

यावर असे म्हटले जाईल की, हे सारे गावच्या तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. ते शंभर टक्के खरे आहे. त्याच्या हाती असतो तो संगणक. सर्व्हर दूरच्या माहिती केंद्रात असतो आणि त्याच्या देखभालीची साधने तिसऱ्याच कोणाच्या हाती असतात. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्याची गरज कमी झाली, ही मोठीच सुधारणा होती. पण सेवा अडली की लोकांचा राग निघतो तो समोर दिसणाऱ्या माणसावर, आणि ज्याला कारण शोधता येईल त्याच्यापर्यंत तो राग क्वचितच पोहोचतो. म्हणूनच कारण शोधण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

ते ठरलेले नसले म्हणजे काय होते, याची उदाहरणे राज्याला नवी नाहीत. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाएकी लागू केली. निकाल लांबले, मुदतीमागून मुदती हुकल्या, पुढील प्रवेशाच्या विद्यार्थ्यांची वाताहत झाली आणि अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. २०२३ च्या खरीप हंगामात एक रुपयात पीकविम्याची योजना आली, तेव्हा अखेरच्या दिवसांत संकेतस्थळावर ताण पडला आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढविली हे योग्यच झाले. तसे न करणे शेतकऱ्यावर अन्यायाचे ठरले असते. पण मुदतवाढ म्हणजे दुरुस्ती नव्हे. एकाच्या बाबतीत अधिकारी गेला, दुसऱ्याच्या बाबतीत तारीख गेली; यंत्र नेमके कुठे अडले याचे सुबोध निवेदन सामान्य माणसाच्या हाती येण्याची रीत काही पडली नाही.

याच्या उलट, १९ जुलै २०२४ रोजी जे घडले ते पाहण्याजोगे आहे. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे त्या दिवशी कोसळली. विमाने अडली, रुग्णालये अडली. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीचा अपराध मोठा होता, यात शंका नाही. पण ६ ऑगस्टला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, तिने कारणांचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. वीसच रकान्यांची माहिती पुरविली गेली असताना नव्या सूचनेने एकविसावा रकाना वाचू पाहिला आणि त्यातून यंत्रे कोसळली, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ही चूक शाळकरी मुलालाही समजावी इतकी साधी आहे, आणि ती उघडपणे सांगितली गेली म्हणूनच इतरांना आपापल्या घरची व्यवस्था तपासता आली. भांडवलदारी कंपनीला ग्राहक सुटण्याच्या भीतीने जे करावे लागते, ते लोकशाही सरकारने कर्तव्य म्हणून करावयास हवे.

धरणाला जे लागू, ते सर्व्हरला

ही शिस्त परदेशातून आणण्याचीही गरज नाही. ती नाशिकात नांदत आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ पासून या शहरात आहे आणि राज्याच्या धरण सुरक्षितता संघटनेचे ठाणेही नाशिकच आहे. धरणांची तपासणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावयाची असते. २०२१ च्या केंद्रीय धरण सुरक्षा कायद्याने हा दंडक साऱ्या देशाला लागू केला आणि नोंदवही ठेवणेही बंधनकारक केले. धरणाच्या पोटातील झिरपा वाढला, तर अभियंता ‘धरण डाऊन आहे’ असा फलक लावून घरी जात नाही. किती वाढला, केव्हापासून वाढला, पूर्वीच्या नोंदींशी तो कसा ताडतो, हे तो पाहतो. १९६१ च्या पानशेत दुर्घटनेनंतर या राज्याला हे शहाणपण पुन्हा शिकविण्याची गरज नाही.

जिल्ह्याच्या द्राक्षबागाईतदारांनीही हा धडा स्वखर्चाने गिरविला आहे. २०१० मध्ये निर्यातीच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश युरोपात सापडले आणि बागाईतदारांना मोठा फटका बसला. तेव्हा केवळ नशिबाला बोल लावून भागले नाही. दोष कुठून आला याचा माग घेतला गेला आणि ते रसायन तपासणीच्या यादीत आले. द्राक्षाच्या पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. मग अडलेल्या फेरफारावरून बिघडलेल्या घटकापर्यंत का काढता येऊ नये?

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक सार्वजनिक सेवेच्या सर्व्हरसाठी बिघाडाची नोंदवही ठेवून ती लोकांना पाहण्यास खुली करावी. सेवा केव्हा थांबली, केव्हा सुरू झाली, कारण काय निघाले आणि उपाय कोणता केला, अशा चार रकान्यांची ती असावी. कारण सापडले नसेल, तर ‘शोध चालू’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, काम अडलेल्या नागरिकाला त्या दिवसाची लेखी पोच मिळावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने सेवेला कालमर्यादा घातली आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद केली. यंत्रामुळे झालेला विलंब कोणाच्या खात्यावर मांडावयाचा, हे पोचपावती असेल तरच ठरविता येईल. आणि निरपराध कर्मचाऱ्यालाही तिचाच आधार मिळेल.

तिसरी गोष्ट, जिल्ह्याच्या पातळीवर नोंदवही वाचू शकणारी माणसे कायमस्वरूपी नेमावीत आणि सुधारणा आधी चाचणीच्या सर्व्हरवर बसवून पाहण्याचा दंडक घालावा. चौथी गोष्ट जुन्या प्रणालींची. विंडोज सर्व्हर २०१२ ला मिळणारा नेहमीचा आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला; २०१६ च्या आवृत्तीचा आधार १२ जानेवारी २०२७ रोजी संपावयाचा आहे. नाशिकच्या सिंहस्थातील पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी जाहीर झाले आहे. गर्दीचे नियमन, वाहतूक, आरोग्य, हरवलेल्या माणसांचा शोध ही कामे ज्या सर्व्हरांवर सोपवावयाची, त्यांपैकी एकही अशा मुदत संपलेल्या प्रणालीवर नाही, याची खातरजमा आताच झाली पाहिजे. शाहीमार्गावर लोटलेल्या गर्दीला तारीख वाढवून देता येत नाही.

बिघाड जाहीर केल्याने उपद्रवी लोकांचे फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात थोडे तथ्य आहे. म्हणूनच दुरुस्ती झाल्यानंतर, यंत्राचा ठावठिकाणा न देता, कारण प्रसिद्ध करावे. खर्चाचा आक्षेप मात्र टिकणारा नाही. नव्या सर्व्हरला कोट्यवधी रुपये लागतात. त्याच्या नोंदी वाचून चार ओळी लिहावयास एक जाणता माणूस आणि त्याचा तासभर वेळ लागतो.

जुन्या दप्तरात दोष पुष्कळ होते. नोंदी खाडाखोडीच्या असत, कधी कधी हेतुपुरस्सर बदललेल्याही असत, आणि संगणकाने त्या प्रकाराला आळा घातला हे मान्यच केले पाहिजे. पण त्या दप्तरात खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी अधिकाऱ्याने सही करावी असा नियम होता, आणि ती सही कोणाची हे विचारता येत असे. संगणकही आपल्या प्रत्येक कोसळण्याची नोंद तारीख-वेळेसह करून ठेवतो. त्या नोंदीशेजारी, ‘ही मी वाचली, कारण हे निघाले’ अशी सही करणारा अधिकारी शासनाने नेमावा. सिंहस्थाच्या तयारीच्या यादीत या पदाला जागा मिळाली, तर मेळा संपल्यानंतरही जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग होत राहील.